सांध्यांचें दुखणें आणि तेलाचा चमचा

सकाळीं उठल्यावर दाराची कडी सरकवतां येत नाहीं, चहाच्या कपाचा कान बोटांत धरवत नाहीं, पोलक्याचें किंवा सदऱ्याचें बटण लावण्यास घरांतील दुसऱ्या कोणाला हांक मारावी लागते. आणि तास-दीड तास गेला, ऊन वर आलें, हातून थोडें कामकाज झालें, कीं तींच बोटें हळूहळू सैल पडूं लागतात. असा अनुभव ज्या घरांतील एखाद्या माणसाला रोज येऊं लागतो, त्या घरांत थोड्याच दिवसांत दोन गोष्टी घडतात. शेजारीपाजारी ‘वात आहे’ असें निदान करून मोकळे होतात, आणि कोणी ना कोणी आपुलकीनें एखादी बाटली किंवा डबी आणून देतो. हल्लीं ही डबी पुष्कळदां माशाच्या तेलाच्या कॅप्सूलांची असते व तिच्यावर ‘ओमेगा-३’ हीं अक्षरें ठळकपणें छापलेलीं असतात. या तेलानें सांध्यांच्या दुखण्याला खरोखर उतार पडतो काय, पडत असल्यास किती, आणि त्याच्या भरंवशावर कोठपर्यंत राहावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

‘वात’ हा शब्द आपल्या भाषेंत फार ऐसपैस वापरला जातो. उतारवयांत गुडघ्यांतील कूर्चा झिजून होणारा त्रास, रक्तांतील यूरिक आम्ल वाढून पायाच्या अंगठ्याला होणारी आग, कंबरेंत भरणारी उसण, या सर्वांना आपण वातच म्हणतों. येथें ज्या रोगाचा विचार करावयाचा आहे तो यांहून निराळा. माधवनिदानांत ‘आमवात’ या नांवानें जें वर्णन आलें आहे तें याच्या जवळचें मानतात. इंग्लंडांत आल्फ्रेड गॅरड या वैद्यानें १८५९ सालीं त्याला ‘रूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ असें नांव दिलें व गाऊटपासून त्याची फारकत केली. शंभर प्रौढ माणसांमध्यें साधारण अर्ध्या ते एका माणसाला हा रोग होतो. पुरुषांपेक्षां स्त्रियांना दुपटी-तिपटीनें अधिक. आणि तोहि पुष्कळदां तीस ते साठ या वयांत, म्हणजे संसाराचा भार जेव्हां हातांवर असतो नेमका तेव्हां.

झिजेच्या गुडघेदुखींत चालल्यानें दुखणें वाढतें आणि बसल्यावर आंखडलेला सांधा दहा-वीस मिनिटांत मोकळा होतो. आमवातांत उलट घडतें. विश्रांतीनंतर, विशेषतः पहांटे, सांधे जखडतात आणि ते मोकळे होण्यास तास-दोन तास लागतात. बहुधा दोन्ही हातांचीं तींच बोटें, दोन्ही मनगटें, दोन्ही पावलांचे पुढचे सांधे एकाच वेळीं सुजतात. याचें कारण झीज हें नाहीं. शरीराची जी संरक्षक व्यवस्था बाहेरच्या जंतूंवर तुटून पडावयाची, तीच आपल्या सांध्याच्या आंतल्या नाजूक अस्तरावर उलटते. अस्तर सुजतें, जाड होतें, आणि शेवटीं शेजारच्या हाडाला कुरतडूं लागतें. हें कुरतडणें पुष्कळांच्या बाबतींत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होतें व एकदां गेलेलें हाड परत भरून येत नाहीं. म्हणून पहिले कांहीं महिने या रोगांत फार मोलाचे आहेत. तेलाच्या गुणदोषांचा जो हिशेब पुढें मांडावयाचा आहे, तो या गोष्टीला विसरून मांडतां येणार नाहीं.

आतां तेलाकडे वळूं. माशाचें तेल आणि सांध्यांचें दुखणें यांचा संबंध कोणा जाहिरातदारानें परवां शोधून काढला अशी समजूत असेल तर ती खरी नाहीं. इंग्लंडांतील मँचेस्टर येथील इस्पितळांत १७७० नंतरच्या दशकांत जुनाट संधिवाताच्या गरीब रोग्यांना कॉड माशाच्या यकृताचें तेल पाजण्याचा प्रघात पडला. तेथील औषधशाळा सांभाळणारे रॉबर्ट डार्बी यांनीं डॉक्टर टॉमस पर्सिव्हल यांना १७८२ च्या सुमारास जी माहिती कळविली तींत म्हटलें आहे कीं, नाना औषधें करून थकलेले रोगी पूर्वीं जसेच्या तसे घरीं जात. पुढें योगायोगानें या तेलाचा गुण कळला, आणि आतां इस्पितळांत दरसाल पन्नास-साठ गॅलन तेल खपतें. त्या काळीं हें तेल काढण्याची रीत म्हणजे माशांचीं यकृतें पिंपांत कुजवावयाचीं व वर येईल तें तेल निथळून घ्यावयाचें! तें पिणाऱ्या रोग्यांच्या चिकाटीचें कौतुकच केलें पाहिजे. पुढें १८४१ सालीं एडिंबरो येथील जॉन ह्यूज बेनेट यांनीं या तेलावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आणि १८५० नंतरच्या दशकांत नॉर्वेंतील पेटर मोलर यानें ताज्या यकृतांतून वाफेच्या साहाय्यानें स्वच्छ तेल काढण्याची युक्ति काढली, तेव्हां कोठें तें तोंडांत धरण्याजोगें झालें.

मँचेस्टरच्या त्या यशाविषयीं मात्र एक शंका घ्यावीशी वाटते. ‘जुनाट संधिवात’ हें त्या वेळचें नांव आपल्या ‘वाता’इतकेंच सैल होतें. धुरानें कोंदलेल्या, सूर्यप्रकाशाला पारख्या झालेल्या गिरणगांवांतील गरीब स्त्रियांची हाडें ड जीवनसत्त्वाच्या अभावानें मऊ पडत व दुखत, आणि कॉडच्या यकृतांत तें जीवनसत्त्व भरपूर असतें. तेव्हां बरे झालेल्यांपैकीं कित्येकांचा रोग आमवात नसून हाडांचा मऊपणा असणें अगदीं संभवनीय आहे. ड जीवनसत्त्वाची ओळख पटली ती १९२२ च्या सुमारास. डार्बी यांना ती कोठून असणार? नांव चुकलें म्हणजे औषधाच्या गुणाचा हिशेबहि चुकतो, याचें हें एक जुनें उदाहरण आहे. आणि आजहि गुडघ्याच्या झिजेला लागू पडलेलें औषध आमवाताच्या रोग्याला सुचविणारे हितचिंतक थोडे नाहींत.

तेलांत औषधी असें काय आहे, हें कळण्यास आणखी दीडशें वर्षें लागलीं. तूप, तेल, चरबी म्हणजे शरीराचें नुसतें सरपण, अशी शास्त्रज्ञांची पुष्कळ काळ समजूत होती. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज बर आणि त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड बर यांनीं १९२९ सालीं तिला धक्का दिला. त्यांनीं उंदरांना इतर सर्व पोषक द्रव्यें दिलीं, परंतु मेद मुळींच दिला नाहीं. उंदरांची वाढ खुंटली, कातडी व शेपट्या खवल्यांनीं भरल्या आणि अखेरीस ते दगावले. पण वेळींच थोडें योग्य तेल मिळालेले वांचले. यावरून असें ठरलें कीं, तेलांतील कांहीं मेदाम्लें शरीराला स्वतः बनवितां येत नाहींत. तीं अन्नांतूनच यावीं लागतात. अशा मेदाम्लांचीं दोन घराणीं आहेत. एकाला ओमेगा-६ म्हणतात. करडई, सूर्यफूल, शेंगदाणा यांच्या तेलांत तें विपुल असतें. दुसरें ओमेगा-३, तें जवसांत, अक्रोडांत, हिरव्या पाल्यांत एका रूपानें आणि समुद्रांतील तेलकट माशांत दुसऱ्या, अधिक तयार रूपानें सांपडतें.

यांचा सुजेशीं संबंध कसा जुळतो? शरीरांतील प्रत्येक पेशीच्या पातळ आवरणांत हीं मेदाम्लें गुंफलेलीं असतात. जखम झाली किंवा सूज आली म्हणजे पेशी तीं आवरणांतून सोडवून घेते आणि त्यांच्यापासून कांहीं अल्पजीवी पण प्रखर द्रव्यें बनविते. त्यांपैकीं एका गटाला स्वीडनमधील उल्फ फॉन ऑयलर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत ‘प्रोस्टाग्लँडिन’ असें नांव दिलें. ॲस्पिरिन कसें काम करतें हें कोडें इंग्लंडांत जॉन व्हेन यांनीं १९७१ सालीं सोडविलें, तें यांतूनच: ॲस्पिरिन ही घडण रोखून धरतें, म्हणून वेदना व सूज कमी होते. या शोधांबद्दल व्हेन यांना स्वीडनच्या बेर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्यासह १९८२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

तेल्याच्या घाण्याची उपमा घेतली तर पुढची गोष्ट सहज ध्यानांत येईल. घाणा तोच, बैलहि तोच. परंतु शेंगदाणा टाकला तर शेंगदाण्याचें तेल निघेल आणि तीळ टाकले तर तिळाचें. पेशींतील घाण्यांत ओमेगा-६ घराण्यांतील ॲराकिडॉनिक आम्ल पडलें तर निघणारीं द्रव्यें सूज पेटविण्यास तिखट असतात. त्याच घाण्यांत माशाच्या तेलांतील ‘ईपीए’ हें मेदाम्ल पडलें तर निघणारीं द्रव्यें त्याच जातीचीं पण पुष्कळ सौम्य असतात. शिवाय घाण्यांत जागा अडल्यामुळें तिखट मालाचें प्रमाणहि घटतें. इसवी सन २००० च्या सुमारास बोस्टन येथील संशोधकांना असेंहि आढळून आलें कीं, ईपीए आणि ‘डीएचए’ या माशाच्या दोन मुख्य मेदाम्लांपासून सूज आवरती घेणारीं कांहीं द्रव्यें शरीर तयार करतें. एवढ्यावरून इतकें स्पष्ट होईल कीं, हें तेल पोटांत जातांच वेदना थांबविणारें नाहीं. आवरणांतील जुनीं मेदाम्लें जाऊन तेथें नवीं बसण्यास आठवडेच्या आठवडे लागतात. आठ दिवस कॅप्सूल घेऊन ‘गुण नाहीं’ म्हणणारा आणि दुसऱ्याच दिवशीं ‘काय गुण आला!’ म्हणणारा, दोघेहि सारखेच उतावळे.

घाण्याचा हा हिशेब कागदावर कितीहि सुबक दिसला तरी रोग्याच्या बोटांना त्याचा उपयोग होतो कीं नाहीं हें रोग्यावरच पाहावें लागतें. १९७० नंतरच्या दशकांत बांग आणि डायरबेर्ग या डॅनिश संशोधकांनीं ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांच्या रक्ताची तपासणी करून त्यांच्या मत्स्याहाराकडे जगाचें लक्ष वेधलें. त्यांच्या अनुमानांवर पुढें बरीच टीका झाली. तथापि त्यामुळें अनेक रोगांत माशाचें तेल पारखून पाहण्याची लाट उसळली. आमवातांत अशी पहिली महत्त्वाची पारख न्यूयॉर्क राज्यांतील ऑल्बनी येथें जोएल क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली व ती १९८५ सालीं प्रसिद्ध झाली. रोगी चाळिसांहूनहि कमी होते. बारा आठवडे एका गटाला ठरावीक आहाराबरोबर रोज १.८ ग्रॅम ईपीए दिलें, दुसऱ्याला निराळा आहार व गुणहीन कॅप्सूल. पहिल्या गटाचा सकाळचा ताठरपणा आणि दुखऱ्या सांध्यांची संख्या यांत फरक दिसला, आणि तेल थांबविल्यावर महिन्या-दोन महिन्यांत तो गट पुन्हां खालावला. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षांहि बोलकी आहे.

त्यानंतर अशा पारखांची रांग लागली. १९९५ सालीं दहा पारखांतील ३९५ रोग्यांची माहिती एकत्र करून जो ताळा काढण्यांत आला तो फार उद्बोधक आहे. तीन महिने तेल घेतल्यावर दुखरे सांधे सरासरीनें सुमारें तीनांनीं कमी झाले आणि सकाळचा ताठरपणा सुमारें सव्वीस मिनिटांनीं घटला. परंतु सुजलेल्या सांध्यांची संख्या आणि रक्तांतील सुजेची खूण दाखविणारी ईएसआर तपासणी यांत लक्षांत घेण्याजोगा फरक आढळला नाहीं. याचा अर्थ साध्या भाषेंत असा, कीं रोग्याला बरें वाटतें. पण आंतला विस्तव विझला असें म्हणतां येत नाहीं. सव्वीस मिनिटें ही गोष्ट क्षुल्लक आहे काय? सहाच्या ठोक्याला मुलांचा डबा करावयास उठणाऱ्या गृहिणीला ती खचित क्षुल्लक वाटणार नाहीं. पण सव्वीस मिनिटें म्हणजे रोगमुक्ति नव्हे, हेंहि तितकेंच खरें.

स्कॉटलंडमधील डंडी व एडिंबरो येथील संशोधकांनीं २००८ सालीं प्रसिद्ध केलेली पारख निराळ्या हेतूनें केलेली होती. आमवाताचे रोगी वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षें घेतात. त्यांनीं पोटांत व्रण पडतात, मूत्रपिंडांना इजा पोंचते, कधीं कधीं आंतून रक्तस्राव होऊन जिवावर बेततें. तेलामुळें या गोळ्या कमी करतां येतील काय, असा त्यांचा प्रश्न होता. ९७ रोग्यांपैकीं निम्म्यांना रोज दहा ग्रॅम कॉडलिव्हर ऑइल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी कॅप्सूल, असें नऊ महिने चाललें. तेल घेणाऱ्यांपैकीं शंभरीं ३९ जणांना आपल्या गोळ्या तीस टक्क्यांहून अधिक कमी करतां आल्या. दुसऱ्या गटांत असे शंभरीं दहाच निघाले. आणि गोळ्या कमी करूनहि तेल घेणाऱ्यांचा रोग बळावला नाहीं. मात्र वाटेंत पुष्कळांनीं प्रयोग सोडून दिला, शेवटपर्यंत टिकलेले ५८ होते, हें सांगितल्यावांचून आंकडे पुरे होत नाहींत. तेल गिळणें मँचेस्टरच्या काळाइतकें कठीण राहिलें नसलें तरी नऊ महिने रोज गिळणें सोपेंहि नाहीं.

परंतु सर्वांत अधिक मनन करण्यासारखी पारख ऑस्ट्रेलियांतील ॲडिलेड येथील आहे. ती २०१५ सालीं छापून आली. तेथें निवडलेले रोगी नव्यानें आजारी झालेले, म्हणजे रोग सुरू होऊन वर्ष न झालेले होते. त्या सर्वांना, अगदीं एकूणएक सर्वांना, मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हीं रोगाला लगाम घालणारीं तीन औषधें देण्यांत आलीं. मग त्यांतील एका गटाला माशाच्या तेलांतून रोज ५.५ ग्रॅम ईपीए व डीएचए दिलें आणि दुसऱ्याला ०.४ ग्रॅम एवढेंच. पुष्कळ तेल घेणाऱ्यांत तीन औषधांची योजना अपुरी पडून अधिक कडक औषधाकडे वळावें लागण्याचें प्रमाण पुष्कळ कमी राहिलें आणि रोग शांत झालेल्यांची संख्या अधिक भरली. येथें तेलानें आपली खरी जागा दाखविली: औषधाच्या बरोबर, औषधाच्या ऐवजीं नव्हे. केवळ तेलावर विसंबून हाडें वांचलीं, असें या पारखेनें म्हटलेलें नाहीं.

ही रेषा आपल्याकडील घरांत वारंवार पुसली जाते. मेथोट्रेक्सेट हें नांव ऐकून माणसें बिचकतात, कारण तें कर्करोगांतहि वापरतात असें कोणी सांगितलेलें असतें. वापरतात हें खरें. पण आमवातांतील मात्रा त्या मानानें फार लहान असते व ती आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास ती प्राणघातक ठरूं शकते, म्हणून गोळीचा वार ठरवून घरांतील दुसऱ्या माणसालाहि तो सांगून ठेवणें चांगलें. तिच्याबरोबर फॉलिक आम्ल देतात, रक्ताची व यकृताची तपासणी ठरावीक मुदतीनें करावी लागते, आणि गर्भारपणांत ती वर्ज्य आहे. एवढीं पथ्यें सांभाळलीं तर हें जुनें आणि त्या मानानें स्वस्त औषध असंख्य लोकांच्या बोटांची राखण करीत आहे. उलट ‘इंग्रजी औषध नको, नैसर्गिक तेल बरें’ म्हणून जीं दोन वर्षें दवडलीं जातात, त्यांत मनगटांचीं हाडें जायचीं तीं जातात. त्याहून वाईट म्हणजे बिननांवाच्या पुड्या. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलें पुष्कळदां आढळलें आहे. पहिल्याच आठवड्यांत जादूसारखा गुण येतो तो त्याचा, आणि मग चेहरा सुजणें, साखर वाढणें, हाडें ठिसूळ होणें हेंहि त्याचेंच.

माशाशिवाय दुसरीं तेलें? बोरेज नांवाच्या वनस्पतीच्या बियांचें आणि ईव्हनिंग प्रिमरोझचें तेल यांत ‘गामा-लिनोलेनिक’ नांवाचें मेदाम्ल असतें. अमेरिकेंत १९९३ सालीं ३७ रोग्यांवर रोज १.४ ग्रॅम या मात्रेनें चोवीस आठवडे केलेल्या पारखेंत त्याचा उपयोग दिसला; पण त्यामागें पुरावा थोडा, आणि मालहि महाग. ऑलिव्ह तेलाची गंमत निराळीच. अनेक पारखांत तें ‘गुणहीन’ म्हणून दुसऱ्या गटाला दिलें गेलें आणि त्या गटालाहि थोडें बरें वाटल्याचें दिसलें. तेव्हां तें खरोखर गुणहीन होतें काय, हाच वाद उपस्थित झाला.

आपल्या स्वयंपाकघरांतील जवस अनेकांच्या मनांत असेल. विदर्भ-मराठवाड्यांत जवसाची चटणी भाकरीबरोबर पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते, आणि जवसाच्या तेलांत निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ असतो, हें खरें आहे. अडचण अशी कीं, हें ओमेगा-३ कच्च्या मालासारखें आहे. त्यापासून शरीराला ईपीए बनवावें लागतें आणि तें फारच थोडें, बहुधा शंभरीं पांच-दहा भागांहून अधिक नव्हे, बनतें. फिनलंडमध्यें १९९५ सालीं बावीस रोग्यांवर योगायोगानें आपल्याच दोन तेलबियांची तुलना झाली: एका गटाला जवसाचें तेल, दुसऱ्याला करडईचें. तीन महिन्यांनंतर जवसाच्या गटाला रोगांत विशेष फायदा दिसला नाहीं. चटणी रुचकर आहे, पोटालाहि चांगली आहे. ती आमवाताचें औषध म्हणून खाण्याचें कारण नाहीं. आणि करडईच्या तेलांत ओमेगा-६ घराण्याचें मेदाम्ल जवळजवळ तीन-चतुर्थांश असतें म्हणून सोलापूरकडील गृहिणीनें घरांतला डबा ओतून द्यावा, असेंहि नाहीं. त्या तेलाला गुन्हेगार ठरविण्याइतका पुरावा कोणी आणलेला नाहीं.

मासे खाणाऱ्यांचें काम सोपें. कोंकणांत आणि गोव्यांत ज्याला गरिबाचा मासा म्हणून नाकें मुरडतात ती तारली आणि बांगडा हे या कामीं सरंगा-पापलेटांपेक्षां सरस आहेत, कारण ते तेलकट. ऋतूप्रमाणें त्यांतील तेल कमीजास्त होतें. परंतु आठवड्यांतून दोन-तीन वेळां कालवणांत किंवा तव्यावर आलेले हे मासे आहार म्हणून उत्तम. औषधाची मात्रा तेवढ्यानें भरत नाहीं, एवढेंच. शाकाहारी घरांसाठीं एक वाट आहे. माशाच्या अंगांतील हें मेदाम्ल त्याचें स्वतःचें नसून समुद्रांतील सूक्ष्म शेवाळांकडून आलेलें असतें, आणि अशा शेवाळांपासून थेट काढलेलें तेल आतां बाजारांत मिळतें. तें महाग आहे, व आमवातांतील बहुतेक पारखा माशाच्या तेलावर झालेल्या आहेत. पण मेदाम्ल तेंच आहे. डबीवर डीएचएबरोबर ईपीएहि आहे ना, एवढें पाहून घ्यावें.

आतां मात्रेचा हिशेब, कारण फसगत बहुधा येथेंच होते. डबीवर ‘१००० मिलिग्रॅम’ असा मोठा आंकडा असतो; तो साऱ्या तेलाचा. कामाचे आंकडे मागच्या बाजूस बारीक टायपांत असतात: साध्या कॅप्सूलमध्यें ईपीए १८० आणि डीएचए १२०, मिळून ३०० मिलिग्रॅम. सांध्यांवर उपयोग दिसला तो रोज सुमारें पावणेतीन-तीन ग्रॅमांनीं, म्हणजे अशा नऊ-दहा कॅप्सूलांनीं. रोज एक कॅप्सूल घेणारा माणूस दुकानदाराचें भलें करतो, बोटांचें नव्हे. घट्ट केलेल्या तेलाच्या कॅप्सूलांत प्रमाण अधिक असतें, तेव्हां संख्या कमी लागते. यकृताच्या तेलाची मात्रा मात्र अशी वाढवीत जाणें बरें नाहीं. त्यांत अ जीवनसत्त्व सांठलेलें असतें व तें अति झालें तर अपाय करतें, गर्भवतीच्या बाबतींत तर पोटांतल्या मुलालाहि. मोठ्या मात्रेनें कांहीं लोकांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा संभव थोडा वाढतो असें अलीकडील पारखांत दिसून आलें आहे, म्हणून हृदयविकाराच्या रोग्यानें आणि रक्त पातळ करणारें औषध घेणाऱ्यानें डॉक्टरांना विचारल्यावांचून हा उद्योग करूं नये. तेल खवट होतें हेंहि विसरूं नये. आपल्या उन्हाळ्यांत बाटली थंड व अंधाऱ्या जागीं ठेवावी, आणि वासानें नाक आंखडलें तर ती टाकून द्यावी.

इतकें असूनहि विद्वानांत एकवाक्यता नाहीं. अमेरिकेंतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनें २०२२ सालच्या आपल्या मार्गदर्शनांत भाजीपाला, कडधान्यें, मासे, ऑलिव्ह तेल अशा भूमध्यसागरी धर्तीच्या आहाराची शिफारस केली, आणि वेगळ्या पूरक कॅप्सूल घेण्याच्या बाजूनें मात्र कौल दिला नाहीं. दोन्ही निर्णय त्यांनीं सौम्य शब्दांत दिले. रोग होण्यापूर्वींच तेल घेतल्यानें तो टळतो काय, हेंहि अमेरिकेंत २५,८७१ लोकांवर पांच वर्षांहून अधिक काळ पाहण्यांत आलें. २०२२ सालीं त्याचा निकाल छापला. रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांत अशा प्रकारचे रोग थोडे कमी दिसले, परंतु तो फरक निश्चित म्हणण्याइतका नव्हता. घरांतील निरोगी माणसांनीं या आशेवर पैसे खर्चण्याचें त्यामुळें कारण उरत नाहीं. विडी-सिगारेट सोडणें हा त्यापेक्षां खात्रीचा उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाहीं.

याच ठिकाणीं पथ्याविषयीं दोन शब्द. आमवाताच्या रोग्याचें ताट पाहिलें तर पुष्कळदां दया येते. दही नको, लिंबू नको, चिंच नको, बटाटा वातूळ, वांगें वातूळ, हरभरा वातूळ. रात्रीं भात तर नकोच नको. आंबट खाल्ल्यानें हा रोग वाढतो याला आधार सांपडत नाहीं. एखाद्याला एखाद्या पदार्थानें त्रास होत असेल तर त्यानें तो टाळावा. परंतु सुजेनें आधींच अंग झिजलेल्या, भूक मंदावलेल्या बाईचें दही आणि डाळ काढून घेऊन तिला महागड्या कॅप्सूल गिळावयास लावणें हा उलटा व्यवहार झाला.

तेव्हां ज्याला तेल घेऊन पाहावयाचें असेल त्यानें आधीं रोगाचें नांव पक्कें करून घ्यावें; त्यासाठीं संधिवाताच्या जाणत्या डॉक्टरांकडून हात तपासून घ्यावे आणि ते सांगतील त्या रक्ततपासण्या कराव्या. त्यांनीं दिलेलें मुख्य औषध सुरू ठेवावें व तेल घेत असल्याचें त्यांच्यापासून लपवूं नये. मग एका वहींत तेल सुरू केल्याची तारीख टाकावी, आणि रोज सकाळीं उठल्यापासून मूठ पुरती वळेपर्यंत किती मिनिटें लागलीं तेवढीच नोंद घड्याळाकडे पाहून करावी. दिवसाकाठीं वेदनेची गोळी किती वेळां घ्यावी लागली तेंहि पुढें लिहावें. तीन महिने पुरे झाल्यावर ती वही डॉक्टरांपुढें ठेवावी. मिनिटें घटलीं असतील तर वेदनेची गोळी किती कमी करावी तें डॉक्टर ठरवितील. घटलीं नसतील, तर दुसरी डबी विकत आणूं नये.